तीनशे कव्हरांचा हिशेब : एका एलपीच्या प्रकल्प नोंदी

३ जून

काम पक्कं झालं. पुण्यातल्या एका बँडची पहिली एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड), बारा इंची, तीनशे प्रती. संबळ, बेस, दोन गिटार आणि एक गाणारी. सराव सिंहगड रस्त्यामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, रेकॉर्डिंगही तिथंच. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. तो काढून टाकलेला नाही, ही मला या मंडळींची पहिली आवडलेली गोष्ट.

रेकॉर्ड परदेशातून दाबून येणार, ऑगस्टच्या सुरुवातीला, साध्या पांढऱ्या पिशव्यांत. मधल्या गोल लेबलाची फाईल त्यांनी आधीच पाठवली आहे. बाकी सगळं, म्हणजे बाहेरचं कव्हर, आतली पिशवी, गाण्यांचे शब्द आणि पाठवणीचं पॅकिंग, माझ्याकडे. पैसे बेताचे.

सूचना एकच मिळाली : “ताई, इंडी वाटलं पाहिजे.” वहीत लिहून घेतली आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. इंडी म्हणजे मोठ्या कंपनीविना काढलेलं संगीत, इतकं सरळ आहे. पण कंपनी नसल्याचं पुठ्ठ्यावर दिसतं कसं? खाकी कागद, टाइपरायटरची अक्षरं आणि शिक्का मारला की झालं, असं आता कुठल्याही कॉफीच्या पाकिटाला वाटतं.

६ जून

आगाऊ मागणीची यादी बँडकडून घेतली. निम्म्याहून जास्त पुणे आणि मुंबई, थोडे नाशिक-कोल्हापूर, काही जर्मनी आणि कॅलिफोर्नियातली आपली मंडळी. फॉर्ममध्ये मी एक प्रश्न घालायला लावला होता : घरी रेकॉर्ड प्लेअर आहे का? बऱ्याच जणांनी निवांतपणे ‘नाही’ लिहिलंय. एकीनं लिहिलंय, “घ्यायचाय कधीतरी.”

म्हणजे गाणी ते फोनवर ऐकणार, नव्हे, ऐकतातच. एलपी घेतात ती कार्यक्रमाला आल्याची, या पाच जणांना ओळखत असल्याची वस्तू म्हणून. दुकानाच्या रॅकवरून हे कव्हर कुणी पहिल्यांदा उचलणार नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं लक्ष वेधायचं काम त्याला नाहीच. मग चेहरे कशाला? ठळक नाव तरी कशाला?

उलट उदाहरणही डोळ्यापुढे ठेवायला हवं. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडनं २०१० साली ‘१६/३३० खजूर रोड’मधली गाणी महिन्याला एक अशी नेटवर फुकट दिली. हातात धरायला काही नाही, पण अल्बमचं नाव म्हणजे दिल्लीच्या करोलबागेतल्या त्यांच्या सरावाच्या घराचा पत्ता. वस्तू नव्हती तरी जागा दिली. आपल्या बँडची जागा म्हणजे ती शेड. हे धरून ठेवते.

१० जून

शेडमध्ये बैठक. गाणारीनं कल्पना आणली होती : पावसाच्या आवाजाचा आलेख, काळ्यावर पांढऱ्या रेषांत. तिनं फोनवर दाखवला आणि बेसवाला म्हणाला, “अरे, हा तर तो टी-शर्ट.”

तो टी-शर्ट म्हणजे जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या ‘अननोन प्लेझर्स’ अल्बमचं कव्हर, १९७९. मुलांना चित्र पाठ, गोष्ट माहीत नव्हती, म्हणून सांगितली. ते अवकाशातल्या एका पल्सारचे, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याचे, स्पंद आहेत. जोसेलिन बेल यांना १९६७ साली सापडलेला पहिलाच पल्सार. हॅरल्ड क्राफ्टनं त्याच्या लागोपाठच्या स्पंदांचा आलेख पीएचडीच्या प्रबंधासाठी काढला, तो पुढं केंब्रिजच्या खगोलशास्त्राच्या विश्वकोशात छापला गेला आणि तिथून बँडातल्या बर्नार्ड सम्नरला सापडला. मूळ आलेख पांढऱ्यावर काळा. कव्हर करणाऱ्या पीटर सॅव्हिलनं तो उलटा केला, खरखरीत काळ्या कागदावर मधोमध बसवला आणि समोर ना बँडचं नाव ठेवलं ना अल्बमचं.

अल्बम काढणाऱ्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीच्या तेव्हाच्या मोजक्या गिऱ्हाइकांना ते चालून गेलं, कारण नाव न वाचताही त्यांना कळत होतं. ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी बोलणारं कव्हर. आता तेच चित्र शर्टावर ठाऊक नसणाऱ्यांच्या छातीवर फिरतं, आणि त्यातही काही वाईट नाही. पण आपल्याला ते नको. आलेखाची कल्पना बाद. गाणारी थोडी खट्टू झाली.

१५ जून, रविवार

जुना बाजार. पावसाची उघडीप होती म्हणून कॅसेटवाल्यांनी ताडपत्र्या पसरल्या होत्या. लोकगीतांच्या, भीमगीतांच्या कॅसेटींची इनले कार्डं (डबीतले छापील कागद) बघत बसले. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गल्लोगल्ली कंपन्या निघाल्या. त्यांनाही बड्या कंपनीचं छत्र नव्हतं. त्या अर्थानं हे आपलं अस्सल स्वतंत्र संगीत, आणि त्याचं कव्हर इंडीच्या कल्पनेच्या नेमकं उलट : गायकाचा चेहरा, मागं देव किंवा बाबासाहेब, नाव जितकं मोठं बसेल तितकं मोठं, चारही रंग पुरेपूर. एसटी स्टँडवरच्या टपरीत शंभर कॅसेटींत ती दिसायला हवी होती. अडीच इंच रुंदीत दिसायचं तर कुजबुजून कसं चालेल?

म्हणजे साधेपणा हा स्वातंत्र्याचा पुरावा नाही. गिऱ्हाईक उभं कुठं आहे, त्यावर ते ठरतं. हे मला बँडला पटवायचं आहे, कारण त्यांच्या डोक्यात अजून खाकी कागदच आहे.

दोन कॅसेटी घेतल्या. एकीत भलतीच टेप निघाली, पण मला इनले हवा होता.

१८ जून

नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये दर विचारले. काकांनी चष्मा वर सरकवून सरळ सांगितलं : “ऑफसेटला तीनशे काय अन् हजार काय, प्लेटा त्याच, मशीन लावायचा वेळ तोच. पैसे हजाराचेच द्यावे लागतील.” शिवाय एलपीच्या कव्हराचा डाय (कापायचा साचा) वेगळा बनवायचा, मग पंचिंग, क्रीझिंग, पेस्टिंग, म्हणजे कापणं, घडीची रेघ पाडणं, चिकटवणं. तीनशे नगांवर हा बोजा टाकला की एका कव्हराचा खर्च रेकॉर्डशी बरोबरी करायला लागतो. जाळीच्या फ्रेममधून हातानं शाई ओढायच्या स्क्रीन प्रिंटिंगचं गणित वेगळं : फ्रेम स्वस्त, रंग कमी, हात जास्त. लग्नपत्रिका अशाच होतात.

इंडीचा ‘लूक’ जन्मला तो या गणितातून. आधी प्रती कमी, मग हातकाम, मग ते दिसणं. बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडनं जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड काढली ती मित्रांकडून आणि घरच्यांकडून पाचशे पौंड उसने घेऊन. सुरुवातीला हजार प्रती. कव्हरवरचा फोटो मॅनेजरनं काढलेला साधा पोलरॉइड. वॉशिंग्टनच्या डिसकॉर्ड या छोट्या कंपनीनं पहिली सिंगल काढली तेव्हा पोरांनी कागद कात्रीनं कापले, घड्या घातल्या आणि स्वतः चिकटवले. कुणी बसून ‘साधेपणाची शैली’ ठरवली नव्हती. ऐकणाऱ्यांनी मात्र तो वेडावाकडा डिंक प्रामाणिकपणाचा म्हणून वाचायला सुरुवात केली. आणि एकदा तसं वाचलं जाऊ लागल्यावर दहा हजार प्रतींनाही मशीनवर वेडावाकडा डिंक लावता येतो. आज जे दिसतं त्यातलं बरंचसं हेच आहे.

आपण खरोखरच तीनशे आहोत, तेव्हा सोंगाची गरज नाही.

२१ जून

पालख्या शहरात. रस्ते बंद, घरीच बसले. फॅक्टरीबद्दल पुन्हा वाचून काढलं, कारण १८ तारखेला लिहिलेलं त्यांच्यापाशी येऊन अडतं.

फॅक्टरीची कव्हरं गरिबीतून आलेली नाहीत. ती तर पैशांची उधळपट्टी. त्यांच्याच न्यू ऑर्डर या बँडची ‘ब्लू मंडे’, १९८३ : बारा इंची सिंगलचं कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं, डाय मारून कापलेलं, आत चंदेरी पिशवी. बँडचं नाव, गाण्याचं नाव कुठं वाचता येत नाही. कडेला रंगांचे चौकोन आहेत, ती लिपी आणि तिची किल्ली त्यांच्या त्याच वर्षीच्या अल्बमच्या पाठीवर. म्हणजे एक कव्हर वाचायला दुसरं विकत घ्या. प्रत्येक प्रतीमागं कंपनीला पाच पेन्सचा तोटा होत होता ही गोष्ट टोनी विल्सन मिटक्या मारत सांगायचा. आकडा कितपत खरा यावर आजही वाद आहेत, पण तोट्याची फुशारकी मारणारा मालक ही चीज काही औरच.

त्याआधी, १९८० साली, फॅक्टरीच्याच ड्युरुटी कॉलम या बँडच्या पहिल्या अल्बमला चक्क सँडपेपरचं कव्हर. कपाटात शेजारच्या रेकॉर्डच्या कव्हरांना ओरखडे काढणारं. कल्पना फ्रेंच लेखक गी दबोर आणि डॅनिश चित्रकार आस्गर यॉर्न यांच्या १९५९ च्या सँडपेपरमध्ये बांधलेल्या पुस्तकावरून उचललेली. चिकटवायला बसवली जॉय डिव्हिजनची मंडळी. एका बँडच्या कव्हराला दुसऱ्या बँडचे हात.

आता एकीकडे डिसकॉर्डची कात्री आणि दुसरीकडे हा सगळा थाट. दोन्ही इंडी कसे? मला वाटतं समान गोष्ट एकच. दोन्हीकडे गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये ‘हे खपणार नाही’ म्हणणारा माणूस बसलेला नव्हता. मोठ्या कंपनीत कव्हरवर नाव न घालण्याचा विषय विक्री विभागाच्या दारातच संपला असता. कव्हरवर जे दिसतं ते ठरवणाऱ्याचं माप असतं. स्वस्त असो की उधळं, कुणीतरी आपल्या मर्जीनं ठरवलंय हे दिसायला हवं, आणि त्या मर्जीत ऐकणाऱ्याला सामील करून घेतलेलं असायला हवं : ही लिपी उलगड, हे ओरखडे सोस.

याच सॅव्हिलनं फॅक्टरीवाल्यांच्या क्लबचं, म्हणजे कार्यक्रमांच्या जागेचं, पहिलं पोस्टर केलं, ते कार्यक्रमाच्या वेळेला पोहोचलंच नाही. तरी फॅक्टरीच्या यादीत क्रमांक १ त्याच पोस्टरला आहे. डेडलाइनवाल्यांना हे दाखवू नये.

२६ जून

शिवाजीनगरची हातकागद संस्था. गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली सुरू झालेली. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद. ताव उचलला की वजन कळतं आणि कडा कापलेल्या नसतात, कागद तिथं विरत गेलेला असतो.

माप जुळतंय. ताव साधारण २२ × ३० इंच. एलपीचं कव्हर एका बाजूनं साडेबारा इंच धरलं, तर मधून दुमडलेलं उघडं माप २५ × १२.५. एका तावातून एक कव्हर निघतं आणि खाली साडेनऊ इंचांची आडवी पट्टी उरते. तीच गाण्यांच्या शब्दांना. एक ताव, एक प्रत, कचरा जवळपास नाही. हे सुचल्यावर दुकानातच आनंदानं टेप पुन्हा लावून बघितली.

अडचणी : कागद तंतू सोडतो, आणि तंतू म्हणजे रेकॉर्डच्या खाचेत धूळ. तेव्हा आतली पिशवी पॉलिथिनचं अस्तर असलेलीच हवी. शाई पितो. जाडी तावागणिक थोडी बदलते. आणि पावसाळा.

२ जुलै

शेडच्या छताचं काय करायचं ते आज सापडलं. पत्र्याचा एक जुना तुकडा मागं पडला होता. त्यावर बटर पेपर ठेवून ग्राफाइटची कांडी घासली. पन्हळीचा पत्रा असल्यानं फक्त उंचवटे उमटतात, साधारण तीन-तीन इंचांवर एक. कव्हरच्या रुंदीत चार उभे पट्टे. प्रत्येक पट्ट्यात गंजाचे खड्डे, एका ठिकाणी वॉशरचं वर्तुळ, एका ठिकाणी डांबराचा थेंब सुकलेला.

फोनवर नखाएवढं करून पाहिलं. चार पट्टे राहतात. हे महत्त्वाचं, कारण बहुतेक जण हे चित्र आधी तेवढंच बघणार आहेत. बारा इंचांत मग गंज सापडेल.

मापात काही फेरफार करायचा नाही. पट्टे शेडवर आहेत तेवढ्याच अंतरावर, एकास एक.

५ जुलै

अक्षरं. समोर काही नाही. मागं, खालच्या कोपऱ्यात, बँडचं नाव आणि गाण्यांची यादी. गिटारवाल्याला ‘कमल शेडगेंसारखं काहीतरी’ हवं होतं. शेडग्यांच्या अक्षरांवर माझा जीव आहे, पण त्यांची नाटकांची शीर्षकं पेपरच्या जाहिरातींच्या गर्दीत उठून दिसण्यासाठी घडलेली. जुन्या बाजारातल्या कॅसेटचाच प्रश्न, फार वरच्या दर्जानं सोडवलेला. इथं गर्दीच नाही.

शिवाय कागद शाई पितो. बारीक जोडाक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजतात. ‘ष्ट्र’ची चाचणी घेतली, गोळा झाला. तेव्हा मोठा आकार, मोकळी गाठ, जाड-बारीक फरक कमी. हातानंच काढतेय.

९ जुलै

आजची बैठक लांबली आणि तापली.

मी मांडलं : मागच्या बाजूला खर्चाचा हिशेब छापू. लंडनच्या स्क्रिटी पोलिटी या बँडनं १९७८ मध्ये पहिल्या सिंगलच्या झेरॉक्स केलेल्या कव्हरवर तेच केलं होतं. स्टुडिओचे किती, मास्टरिंगचे किती, दाबणीचे किती, लेबलांवर मारायच्या रबरी शिक्क्याचे किती, कुठून करून घेतलं त्याच्या पत्त्यांसकट. वाचणाऱ्यानं ठरवलं तर दुसऱ्या दिवशी स्वतःची रेकॉर्ड काढावी. बझकॉक्सच्या कव्हरवर प्रत्येक गाण्यासमोर कितवा टेक आणि वरून काय डब केलं ते लिहिलेलं : तिसरा टेक, डब नाही. डिसकॉर्डच्या फुगाझी या बँडच्या रेकॉर्डवर टपालखर्चासकट किंमत छापलेली असे, म्हणजे दुकानदारानं वर चढवली तर गिऱ्हाइकाला कळावं. त्यांना ऐकणारा उद्याचा वादक वाटत होता, निदान हिशेब समजणारा माणूस तरी.

गिटारवाले दोघे लगेच तयार. गाणारी म्हणाली, छान आहे पण आमच्या पाच जणांपुढं काय लिहिणार? मी म्हणाले, जे आहे ते. आहे तर काहीच नाही. शून्य.

इथं संबळवाला बिथरला. त्याचं घर गोंधळ्यांचं. वडील आजही जागर-गोंधळाची सुपारी घेतात, बिदागी आधी ठरते, आणि वाजवणाऱ्याला पैसे मिळतात यात त्या घरात कुणाला काही विशेष वाटत नाही. “पप्पा हे कव्हर भिंतीला लावणार. त्यावर माझ्या नावापुढं शून्य? ते म्हणतील, कागदवाल्याला दिले, शाईवाल्याला दिले, वाजवणारा तेवढा फुकट.” कुणी काही बोललं नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फुकट राबण्याचं भूषण वाटून घेणं त्यालाच परवडतं, ज्याच्या घरी कला पोटाला लावलेली नसते. लंडनच्या पडक्या घरांतल्या पोरांनी शून्याचा झेंडा केला, तो इथं तसाच्या तसा लावता येत नाही.

बराच खल झाल्यावर ओळ ठरली : ‘वाजवणारे पाच : विक्रीनंतर उरेल ते, समान.’ हिशेबात माझं मानधनही येणार. थोडं अवघडल्यासारखं झालं, पण मागणी माझीच होती.

१५ जुलै

फ्रेम तयार. जाळीवर चित्र उतरवायचं इमल्शन वाळायला एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, हवेत पाणीच पाणी. छापण्याआधी ताव खोलीत दोऱ्यांवर टांगून ठेवले, म्हणजे खोलीची ओल त्यांनी एकदाच काय ती घ्यावी. हातकागद ओलीनं वाढतो. सकाळी एक रंग मारला आणि संध्याकाळी दुसरा, तर मधल्या वेळात ताव इकडचा तिकडं झालेला असतो आणि रजिस्टर, म्हणजे एका रंगाशी दुसऱ्याची जागा, जुळत नाही.

म्हणून रचनाच अशी केली आहे की दोन रंग एकमेकांना कुठंच शिवत नाहीत. गंजाचे पट्टे पुढं, काळी अक्षरं मागं. कागद फुगला तर फुगला.

पट्ट्यांचा रंग काकांनी तिथंच मिसळून दिला. “गेरू हवाय की गंज?” असं विचारलं त्यांनी. गंज. त्यात चिमूटभर काळा.

१७ जुलै

छपाई. वाया जाणार धरून तीनशेवर तीस ताव जास्त घेतले होते. काका स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) ओढताना दाब जराही बदलत नाहीत, मी ओढला की पट्टा एका टोकाला फिका. तरी बँडच्या मुलांनीही थोडे ओढले. ते फिकट नग बाजूला ठेवायला काकांनी सुचवलं, मुलांनी ऐकलं नाही, चालतील म्हणाले. माझं मत काकांच्या बाजूनं होतं : हाताचा ठसा म्हणून कच्चं काम खपवू नये, तीनशे माणसांनी पैसे पूर्ण दिलेत. फारच फिके होते ते काढले.

२० जुलै

कणा असावा की नसावा? माझ्याकडचं एक गिऱ्हाईक संग्राहक आहे, त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. कपाटात उभी रेकॉर्ड ओळखायची ती कण्यावरच्या नावावरून. आपलं कव्हर म्हणजे एक दुमड, तिला कणा नाही. कपाटात हे हरवणार.

ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सकडे पाहावं. १९८७ ते १९९५, क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स. सात इंची सिंगल, दुमडलेला कागद, पारदर्शक पिशवी. कणा कुठला आणि काय. आत पत्र असावं तसा छापील मजकूर, पोस्टर. पन्नासाव्या क्रमांकाला रेकॉर्डच नाही, एक बोर्डगेम आहे, सारोपॉली. शंभराव्या क्रमांकाला त्यांनी दुकान बंद केलं. त्यांचे श्रोते रेकॉर्ड कपाटात शोधत नसावेत, टपालाची वाट पाहत असावेत.

आपल्या यादीत प्लेअर नसलेले जास्त. त्यांचं कव्हर भिंतीवर किंवा टेबलावर राहील. कणा नाही. पारदर्शक पिशवी पॉलिप्रोपिलिनची, पीव्हीसीची नको : पीव्हीसीचा अंश वर्षानुवर्षं चिकटून रेकॉर्डवर धुरकट डाग पडतात.

२७ जुलै

दुमडायचा दिवस. शेडमध्ये सगळे, शिवाय कार्यक्रमांना नेहमी येणारी काही मंडळी आपणहून आली होती. हाडाच्या पट्टीनं घडी दाबायची, शब्दांची पट्टी आत, पिशवीत सरकवायचं. मधेच पाऊस इतका जोरात आला की पत्र्याखाली बोलणंच थांबलं.

चहाच्या वेळी गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या कॅनडातल्या बँडची गोष्ट सांगितली. माँट्रिअलच्या कॉन्स्टेलेशन कंपनीनं १९९७ साली त्यांच्या अल्बमच्या पाचशे एलपी काढल्या. कव्हरवर फोटो हातानं चिकटवलेला, आत एका लिफाफ्यात इतर कागदांबरोबर रेल्वेच्या चाकाखाली चिरडलेलं एक पेनीचं नाणं. प्रत्येक नाण्यासाठी कुणीतरी रुळावर गेलं होतं. दुमडायला आलेल्या एका मुलीनं विचारलं, मग आपण आत पत्र्याचा तुकडा का नाही टाकत? गंजलेला पत्रा टपालानं जर्मनीला! शिवाय ते नाणं त्यांचं आहे. आपला पत्रा छापलाय तेवढा पुरे.

ज्यांनी दुमडलं त्यांची नावं? मागची छपाई तर झालेली. गाणारीनं उपाय काढला : ज्यानं जे कव्हर दुमडलं त्यानं आतल्या पट्टीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आद्याक्षर घालायचं. चांगलं आहे. मला सुचलं नव्हतं.

६ ऑगस्ट

रेकॉर्ड आल्या. जकातीचा आकडा हिशेबात छापलेल्या अंदाजापेक्षा वर गेलाय. छापलेलं बदलता येत नाही, तेव्हा लहान शिक्का करून घेतला : ‘जकात : सुधारित’, आणि पुढं आकडा हातानं. शिक्क्याचा खर्च हिशेबात नाही, तो मी धरत नाही.

दहाएक प्रती काढून कडा तपासल्या. एकही वाकलेली नाही.

१२ ऑगस्ट

पाठवणी. रेकॉर्ड कव्हरच्या आत ठेवून पाठवली की टपालात आपटून कव्हरची कड आतून फाटते, हे संग्राहकांचं नेहमीचं रडगाणं. म्हणून रेकॉर्ड तिच्या पिशवीत वेगळी, कव्हर वेगळं, दोन्हींना दोन बाजूंनी जाड पुठ्ठा. पोस्टातल्या बाईंनी वजन करता करता विचारलं, “आरसा आहे का?” नाजूक वस्तूचं लेबल लावून दिलं त्यांनी.

पुण्यातल्या प्रती शनिवारच्या कार्यक्रमात हातोहात देणार.

१९ ऑगस्ट

पोचल्याचे निरोप येताहेत. जर्मनीची अजून वाटेत. पट्टे कशाचे, हे बहुतेकांनी विचारलं नाही, शेडमध्ये येऊन गेलेल्यांनी ओळखलं. एकानं कव्हर खिडकीत उभं करून फोटो पाठवला, मागची बाजू पुढं करून. हिशेब दिसावा म्हणून असेल, किंवा त्याला पट्टे आवडले नसतील.

नाशिकहून एक मेसेज. मागणी नोंदवायला त्याला उशीर झाला, तीनशे संपल्या. प्लेअर त्याच्याकडे नाही आणि गाणी पाठ आहेत, तर फक्त कव्हर मिळेल का? वाया जाणार म्हणून घेतलेल्यातले चांगले नग शिल्लक आहेत, मी हो म्हणून मोकळी झाले. किंमत काय सांगायची यावर बँडचा विचार चालू होता तोवर त्यानं पैसे पाठवूनही दिले. कार्यक्रमातल्या कुणाकडून तरी मागच्या बाजूचा फोटो मिळवला होता. त्यातले कागद, फ्रेम, शाई, पिशवी आणि माझं मानधन यांचे आकडे घेतले, तीनशेनं भागले, वर टपाल धरलं, रुपयापर्यंत बरोबर. दाबणी आणि जकात वगळलेली.

संबळवाला म्हणतो, पाच जणांची ओळ त्यानं धरलेलीच नाही, ते कळवा त्याला. कळवलंय.